ओसरीचा ताळेबंद

मे महिन्याच्या दुपारी
मी थंडीचा हिशेब लावत बसलो होतो.

भांडेवाडीच्या अलीकडे, टिनाच्या छपराखाली
एक हॉल, दोन खोल्या, एक सामायिक नळ.
दारावर पाटी : ओसरी, बेघर कुटुंबांचा निवारा.
त्याखाली नोंदणी क्रमांक,
त्याखाली, जरा ठळक,
देणगीवर आयकरात सूट.

नऊ कुटुंबं. एकतीस माणसं.
परवा जन्मलेली धरली तर बत्तीस,
पण तिचं आधार नाही, म्हणून
अहवालात एकतीसच.

बत्तीस वर्षं ट्रेझरीत काढली मी.
इथे महिन्याला तीन हजार मानधन,
कूलरसमोरची खुर्ची,
आणि "निखारेबाबू आहेत म्हणून निर्धास्त आहोत"
हे अध्यक्षांचं दर सभेतलं वाक्य.
धर्मादायच्या कचेरीत माझ्या फायलीवर
कधी शेरा आला नाही.
(ताळेबंद जुळणं वेगळं.
हे मला तेव्हाही माहीत होतं.)

इतवारीतल्या एका शेठनी चेक देताना
हसत म्हण ऐकवली होती,
भटाला दिली ओसरी…
पुढचं मी ऐकलं नाही.
पावती फाडली, अकरा हजार, अक्षरी लिहून.

तर त्या दुपारी सगुणा मडावी आली,
कडेवर ती अहवालात नसलेली पोर.
नाल्याकाठचं घर गेलं तेव्हापासून
तिला कागदाची सवय झालेली :
नोटीस, पंचनामा, टोकन, पुन्हा नोटीस.
म्हणाली, "बाबू, ते बुक वाचून दाखवा नं."
कोणतं?
"ज्याच्यात आमी हावो ते."

मी वाचलं. वीजबिल. तांदूळ, डाळ.
नळदुरुस्ती, दोनदा.
ब्लँकेट नग अठरा, दर साडेचारशे,
एकूण आठ हजार शंभर.

"अकरा," ती म्हणाली.
अठरा लिहिलंय, बाई.
"लिवलं असन. अकराच भेटले.
घरटी एक नि दोन बाळंतिणीले.
पोट्टे चुलीपाशी निजवले होते आमी जानेवारीत,
म्या मोजले नसन काय?"

बाहेर पंचेचाळीस डिग्री.
टिन तडतडत होतं.
वहीत व्हाउचर क्रमांक एकशे सात,
त्यावर सही माझी.

सात.
स्नेहसंमेलन, सीताबर्डीचा हॉल, पाहुणे सात.
प्रत्येकाला शाल, श्रीफळ.
नारळ "पूजा साहित्य"मध्ये बसले.
शाली कुठे बसेनात,
तेव्हा अध्यक्ष म्हणाले, पांघरूणच ना शेवटी,
आणि मीही म्हटलं, पांघरूणच.

हे तिला सांगितलं. का सांगितलं, ठाऊक नाही.
ती चिडली नाही.
"लोकरीच्या होत्या काय?" एवढंच विचारलं.

ट्रेझरीतला पहिला धडा :
चुकलेला आकडा खोडरबरानं पुसायचा नाही.
एकच रेघ मारायची, सरळ,
खालचा आकडा दिसला पाहिजे.
वर बरोबर आकडा, शेजारी सही, तारीख.

मी रेघ मारली.
अठरा दिसत राहिले. वर अकरा.
खाली नवी नोंद : शाल, सत्कार, नग सात,
तीन हजार एकशे पन्नास.
हात जरा कापला. वय असेल.

संध्याकाळी फोन येणार हे नक्की होतं.
"निखारेबाबू, तुम्हाला विश्रांतीची गरज आहे,"
असं काहीतरी, प्रेमानंच.

पण सगुणा अजून उठली नव्हती.
उलट तिनं दारातून दोघींना हाक मारली,
त्या आल्या, पदरानं मान पुसत,
फरशीवर बसल्या. कूलर त्यांच्याकडे वळवावा
हे मला उशिरा सुचलं.

"हं, पुढं वाचा."

किरकोळ, मी वाचलं,
चौदा हजार दोनशे साठ.

"किरकोळ म्हंजे काय काय?"

मी चष्मा काढला, पुसला, परत लावला,
आणि व्हाउचरांची फाईल
तळापासून उपसायला घेतली.